जांभळ्या रुमालाची बाई

मोठ्या मॅडम मांडीवरची पत्र्याची पेटी सांभाळत ऑटोतून उतरल्या, तेव्हा मी शाळेतून येऊन नुकतीच चप्पल काढत होते. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं चित्रकला शिकवली. त्यांना निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला, तरी त्या समोर आल्या की मी अजून खुर्चीच्या टोकावर बसते. उत्तर नागपूरहून धरमपेठेपर्यंत त्या स्वतः आल्या, म्हणजे काम फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"टेबल रिकामं कर," त्या म्हणाल्या. "आणि हात धुऊन ये. तेलकट बोट लागायला नको."

पेटीत मलमलीचं जुनं धोतर होतं, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि आत अकरा चित्रं. लाकडी ठशांनी छापलेली जपानी चित्रं. अशी चित्रं मी पुस्तकात पाहिली होती, मोबाइलवर मुलांना दाखवलीही होती, पण हातात कधी धरली नव्हती. कागद धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडासारखा होता. उलटा करून पाहिलं तर छापणाऱ्याने मागून घासल्याच्या गोल गोल खुणा दिसत होत्या. एका बाईच्या झग्याची गळपट्टी नुसती पांढरी वाटली, पण खिडकीशी तिरपी धरल्यावर तिच्यात रंगाशिवाय उठवलेली बारीक नक्षी दिसू लागली. मी हरखून ओरडलेच.

"माझ्या आईची कमाई आहे ही," मॅडम म्हणाल्या आणि चहा येईपर्यंत त्यांनी ती हकीकत सांगितली. मॅडम कॉलेजात असताना दसऱ्याच्या गर्दीत एक जपानी भिक्खुणी नागपूरला आली आणि तापाने पडली. मॅडमच्या आईने तिला आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणून ठेवलं, तीन आठवडे पेज पाजली, अंग पुसलं. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. बरी होऊन ती गेली आणि वर्षभराने हे पार्सल आलं. उन्हाने रंग उडेल म्हणून आईने चित्रं भिंतीवर कधी लावलीच नाहीत.

"आई पाहुण्यांनासुद्धा दाखवायची नाही. मी आता सत्तरीची झाले. माझ्यामागे ही पेटी कोण उघडणार? वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला आमच्या विहाराच्या वाचनालयात लावायचं मी ठरवून राहिले. कुठे कसर लागली आहे, कुठे घडी पडली आहे. ते सगळं तू पाहा. बाहेर कोणाला द्यायची माझी हिंमत नाही."

अकरापैकी आठ चित्रं काबुकी नाटकातल्या नटांची होती आणि तीन बुद्धाच्या कथांमधली. मॅडमना ती तीन चांगली ठाऊक होती. नटांच्या चित्रांबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "हे डोळे वटारलेले लोक कोण आहेत, ते काही आम्हाला कधी कळलं नाही."

माझे बाबा त्या दिवसांत माझ्याकडेच होते. नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, ती आता भाऊ पाहतो. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ टाळायला सांगितलं, म्हणून मी त्यांना ठेवून घेतलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. आई गेल्यापासून बोलणं आणखीच कमी झालेलं. सकाळी गॅलरीत बसायचे, जेवायला हाक मारली की यायचे, "भाजी चांगली झाली वं" म्हणायचे आणि परत गॅलरीत. मुलगा पुण्याला, नवरा ऑफिसात, मी शाळेत. मला त्यांची काळजी वाटायची, पण त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. आमच्यात एक जुनी गोष्ट होती, तिला आम्ही दोघंही वळसा घालून जायचो.

ती गोष्ट इथेच सांगून टाकते. बाबा तरुणपणी खडी गंमत करायचे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, तिथे दिवसाढवळ्या, उघड्या मैदानात हा खेळ व्हायचा. ढोलकी, डफ, सवाल-जवाब, मध्येच एखादं वगनाट्य. त्यात बायका नसत, पुरुषच बाई व्हायचे. माझे बाबा पंचक्रोशीतले नावाजलेले 'बाई' होते. मी पाचवीत असताना शाळेतल्या पोरांनी माझ्याभोवती फेर धरला, "नाच्याची पोरगी, नाच्याची पोरगी!" मी घरी आले, खुंटीवरचे बाबांचे घुंगरू काढले आणि बागेतल्या विहिरीत फेकून दिले. त्यांना म्हणाले, "तुम्ही बाई होऊ नका. मले लाज वाटते." बाबा काही बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यानंतर त्यांनी गंमतीत काम केलं नाही.

मोठी झाले, कलाशिक्षिका झाले, लोककलेवर मुलांना धडे दिले. घुंगरांबद्दल मात्र मी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

पहिल्या रविवारी सकाळी मी चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडली होती आणि मऊ ब्रशने कडांची धूळ काढत होते. बाबा पाणी प्यायला आत आले. ऑपरेशननंतर त्यांना सगळंच नव्याने दिसत होतं. स्टीलच्या ग्लासाकडेसुद्धा ते दोन मिनिटं पाहत राहायचे. ते टेबलाशी थांबले. त्या नक्षीदार गळपट्टीच्या बाईकडे वाकून पाहू लागले.

"हे कोन होय?"

"जपानी नाटकातली बाई आहे, बाबा."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई नाही होय हे. गडी होय हा."

मी हसले. चित्रातली बाई नाजूक होती, लहानसे ओठ, खाली झुकलेली मान, केसांत काटे. "बाबा, नीट पाहा ना."

"मी नीटच पाहून राहिलो. तू पाह्य. हे कपाळावरचं जांभळं फडकं पाह्य. बाई काहून बांधन असं? बाईले कपाळ झाकाची काय गरज? गड्याचे केस इथून मागं असतात," त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं, "ते लपवाले बांधलं त्यानं. मी पदर इथवर ओढून पिना लावत होतो. आन् हात पाह्य. पंजा बाहीत ओढून घेतला. गड्याचा पंजा मोठा असते, तो असाच चोरा लागते."

मी ब्रश खाली ठेवला. मोबाइल घेतला आणि शोधत बसले. दहा मिनिटांत सापडलं. काबुकीत स्त्रियांची कामं पुरुषच करत. नटांना डोक्याचा पुढचा भाग भादरावा लागे आणि तो झाकण्यासाठी बाईचं काम करणारे नट कपाळावर जांभळं रेशमी फडकं बांधत. चित्रकार ते फडकं हमखास दाखवत. नटांची ही चित्रं तेव्हा त्यांचे चाहते विकत घ्यायचे, आपल्याकडे आवडत्या नटाचं कॅलेंडर भिंतीवर लावत तशी.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. "मंग?" एवढंच ते म्हणाले. पण पाणी न पिताच त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

दुसरं चित्र एका दांडग्या माणसाचं होतं. तोंडावर लाल पट्टे, एक पाय पुढे, पंजा फाकलेला, बुबुळं नाकाशी आलेली. मी मुलांना अशा चित्रांबद्दल 'क्रोधाचा भाव' असं शिकवत आले होते.

"हा रागावला नाही," बाबा म्हणाले. "हा थांबला. ढोलकीची थाप पडली, हा जागच्या जागी थांबला, आन् आता पब्लिक वरडून राहिली. याले मालूम आहे वरडून राहिली म्हनून. मजा येऊन राहिली त्याले." आणि बसल्या जागी त्यांनी मान एका झटक्यात फिरवली, पंजा फाकवला, डोळे स्थिर केले. एका क्षणापुरतंच. मग स्वतःच लाजून ग्लास उचलला.

त्या क्षणी मी बोलले नसते तर पुन्हा कधीच बोलले नसते. मी म्हणाले, "बाबा, तुमचे घुंगरू मी विहिरीत फेकले होते."

"मालूम आहे. मी मोटरीच्या खोलीत होतो. पाह्यलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? रडून राहिली होती तू. नाकाले शेंबूड, हातात घुंगरू." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पन तुह्याच्यानं बंद नाही केलं वं मी. म्हंजे, अर्धं तुह्याच्यानं. अर्धं ढोलकीवाल्याच्यानं. तो कोळशाच्या खाणीत लागला, गाव सोडून गेला. त्याच्या हाताबिगर माहे पायच पडत नव्हते."

हा ढोलकीवाला गावातल्या बौद्ध वस्तीतला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मंडईला गेले की हे दोघं एकाच शिदोरीतून जेवायचे आणि गावाच्या वेशीवर आले की दोन वाटांनी घरी जायचे. "तुह्या आजीले समजलं असतं तर घरात घेतलं नसतं मले," बाबा म्हणाले. "आता वाटते, समजू द्याले पायजे होतं."

मी रडले. बाबांनी पाठीवर हात ठेवला नाही, तसं आमच्या घरात नव्हतंच. "अर्धंच तुह्याच्यानं म्हनलं ना," ते पुन्हा म्हणाले आणि उठून त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. साखर दुप्पट पडली होती.

पुढचे पंधरा दिवस घर बदलून गेलं. मी शाळेतून यायची तर बाबा माझीच वाट पाहत असायचे. "आज कोनता काढतं?" मी पातळ कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून फाटलेल्या कडा सांधायची आणि ते शेजारी बसून प्रत्येक नटाचं सांगायचे. हा कच्चा आहे, याचा तोल मागच्या पायावर गेला. ही म्हातारीचं काम करते, पण गडी तरणा आहे, मान पाह्य. चित्रकाराचंही त्यांना कौतुक वाटायचं. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, प्रत्येक रंगाला निराळी फळी, हे मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे गंमतीसारखी यायचीबी पार्टीच होती."

मॅडम मधून मधून काम पाहायला यायच्या. एकदा बाबांनी त्यांना बुद्धकथेच्या एका चित्राबद्दल विचारलं. चित्रात एक भिक्खू ओंजळीतलं भांडं पुढे करतो आहे आणि समोर हाडांचा सापळा झालेली एक बाई आहे. तिच्या तोंडाशी नेलेल्या घासातून ज्वाळा निघत आहेत.

"ती त्याची आई आहे, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "बुद्धाचा शिष्य. ध्यानात त्याला दिसलं की मेलेली आई भुकेल्या प्रेतांच्या लोकात आहे. तो भात घेऊन गेला. तिने घास उचलला की त्याची आग व्हायची. तो रडत बुद्धाकडे आला. बुद्ध म्हणाले, तुझ्या एकट्याच्याने होणार नाही. पावसाळाभर एका जागी राहिलेले भिक्खू वर्षावास संपवून उठतील, त्या सगळ्यांना जेवू घाल. त्याने जेवू घातलं आणि आई सुटली. जपानी लोक सांगतात, तेव्हा तो आनंदाने नाचला. तिकडे अजून दर वर्षी त्या दिवशी गावंच्या गावं नाचतात."

बाबा चित्राकडेच पाहत होते. "माय कोन करते याच्यात?"

"करते म्हणजे?"

"नाटकात. मायचं काम कोन करते?"

मॅडमनी चष्मा वर केला. शाळेत एखाद्या पोराचं उत्तर अनपेक्षितपणे बरोबर आलं की त्या तशाच पाहायच्या. "आमच्याकडे नाटक नाही. पण वस्तीतली पोरं काही ना काही बसवतात दर वर्षी. भाऊ, तुम्ही कराल?"

बाबा उत्तर देणार तोच मी मध्ये बोलले. "नाही, नाही मॅडम. त्यांचे डोळे, गुडघे... आणि आता या वयात लुगडं नेसून, बरं दिसेल का?"

माझ्याच तोंडून ते शब्द निघाले आणि मीच ते ऐकले. बाबा हळूच उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. मॅडम पेला बाजूला सारून म्हणाल्या, "येते मी." दार त्यांनीच ओढून घेतलं.

पाचवीतल्या पोरीला कळत नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. आता मी चोपन्न वर्षांची होते. मी कपाट उघडलं, आईचं हिरवं लुगडं काढलं. आईची ती एकच वस्तू मी आणली होती. गॅलरीत जाऊन ते बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, चुकलं माझं. तुम्ही करा. मला पाहायचं आहे."

त्यांनी लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला. "हे कोरं आहे अजून. मायले चांगलं लुगडं नको, ते भुकेली आहे. जुनेरं पाह्य घरात." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "लाज नाही वाटनार ना तुले?"

"वाटली तरी मी पहिल्या रांगेत बसणार."

ते हसले. वरचे दात नसलेलं हसू.

तालीम विहारामागच्या खोलीत व्हायची, संध्याकाळी पाच ते सात. शिष्याचं काम नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीला मिळालं, कारण मुलांपैकी कोणाचाच आवाज तेवढा खणखणीत नव्हता. पुरुष बाई झाला आणि मुलगी पुरुष झाली. ढोलकीला भजनी मंडळातले एक निवृत्त पोस्टमन होते. पहिल्या दिवशी त्यांचा आणि बाबांचा मेळ बसेना. "तुमी घाई करून राहिले," बाबा म्हणायचे. चौथ्या दिवशी बसला. त्या संध्याकाळी मॅडमच्या घरी सगळ्यांनी भाजी-भाकर खाल्ली. बाबांनी तिसरी भाकर मागून घेतली आणि जेवताना एकदा पोस्टमनच्या हातांकडे पाहतच राहिले. कोणाची आठवण आली ते मी विचारलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी वाचनालयाच्या भिंतीवर अकराही चित्रं लागली. लोक बुद्धकथेची चित्रं पाहायला यायचे आणि नटांपुढे अडकून पडायचे. जांभळ्या फडक्याचं गुपित सांगायला बाबा स्वतः उभे होते. शाळेच्या मुलांना ते आधी विचारायचे, "सांगा बरं, बाई का गडी?" आणि मुलं एका सुरात चुकायची. मॅडमनी आपल्या आईचा एक लहान फोटो कोपऱ्यात लावला होता, त्याच्याखाली ना नाव, ना माहिती. ज्यांना ओळखायचं ते ओळखून हात जोडत होते.

सहाच्या सुमारास अंगणात नाटक सुरू झालं. बाबा जुनेर नेसून आले, तेव्हा मागून दोन-तीन पोरं खिदळली. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते चाललेही नाहीत, जमिनीवरून सरकत आले, पोट पाठीला लागलेलं, नजर भांड्यावर. शिष्याने भांडं पुढे केलं. भांडं रिकामं होतं. बाबांनी त्यातून घास उचलला, तोंडाशी नेला आणि हात थांबला. त्यांनी घासावर फुंकर मारली. पुन्हा मारली. मग हात झटकून बोटं तोंडात धरली. दुसरा घास उचलला. तिसरा. तेच. माझ्याशेजारच्या म्हाताऱ्या बाई पुटपुटल्या, "जेवू द्या रे तिले."

शेवटी भिक्खूंना जेवण वाढायचा प्रसंग होता. मॅडमच्या सांगण्यावरून पोरांनी सगळ्या बघ्यांनाच खिरीच्या वाट्या वाटल्या. सगळ्यांनी एकदम खाल्ली. ढोलकी वाजायला लागली. ठरल्याप्रमाणे बाबांनी फक्त उभं राहून हात जोडायचे होते, गुडघ्यांमुळे. पण शिष्य झालेली ती मुलगी नाचू लागली आणि बाबांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. सात-आठ पावलं असतील. पोस्टमन काकांनी हात संथ केला, त्यांच्या पायांसाठी. थाप पडली आणि बाबा थांबले, पंजा फाकलेला, मान वळलेली. मागची पोरं सगळ्यात आधी ओरडली.

दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले. मी शेकत बसले, ते कण्हत होते आणि मधूनच हसत होते. भावाचा गावाहून फोन आला, कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. मी घाबरतच कानाला लावला. भाऊ म्हणाला, "काटोलच्या मार्केटात लोक विचारून राहिले, तुह्या बापानं एवढे दिवस काहून लपवून ठेवलं हे?"

बाबा संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीपुरते गावी गेले आणि एसटीने परत आले. आता दर शनिवारी ते विहारामागच्या त्या खोलीत गंमत शिकवतात. नऊ-दहा जण येतात, त्यात चार मुली. नर्सिंगवाली मुलगी शिकून रायपूरला नोकरीला लागली, तेव्हा पुढच्या वर्षीच्या नाटकातल्या शिष्याच्या कामाचा प्रश्न आला. बाबा म्हणाले, "तू कर."

मी पुष्कळ कारणं सांगितली. ती सगळी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि रविवारी सकाळी मला गच्चीवर बोलावलं. शेजारची बाई कपडे वाळत घालत पाहत होती. मी दोन पावलं टाकली.

"भिक्खू आहे तू, बँकेत नाही चालली," बाबा म्हणाले. "टाच आधी टेकव. हां. आता मायकडं पाह्य, माह्याकडं नको."

"माय तर तुम्हीच ना, बाबा?"

"मंग पाह्य ना," ते म्हणाले आणि खुर्ची सोडून गच्चीच्या फरशीवर बसले.